पेट्रोल भरून ठेवणारा चोर

रविवार, २ फेब्रुवारी

गाडी घेतली. एवढं वाक्य लिहून पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. ही डायरी दातांचं सामान पुरवणाऱ्या कंपनीने फुकट दिली होती, प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसरी दाढ आहे. महिनाभर कोरी पडून होती. आज कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, दारात हत्ती बांधलास."

हत्तीच आहे. बाटलीसारखी हिरवी, लांबलचक, चार दारांची. डिकी एवढी की आमचं स्वयंपाकघर आत मावेल. वयाने माझ्या नोकरीएवढी जुनी, पण अंगावर एक ओरखडा नाही. मला छोटीशी हवी होती. पण बाबांचा गुडघा वाकत नाही, छोट्या गाडीत त्यांना घडी घालून बसवावं लागतं. शिवाय त्यांनी जन्मभर कंपनीच्या साहेबांच्या गाड्या चालवल्या, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? लोक गाडी डोळ्यांनी बघतात, बाबांनी हाताने बघितली. बॉनेटपासून डिकीपर्यंत तळवा फिरवत गेले, दारांच्या फटींत बोटं घालून पाहिली, मग डोळे मिटून इंजिन ऐकलं. वर मलाच विचारतात, "रंग कसा आहे गं?" म्हटलं, बाबा, मस्करी पुरे, लोक बघतायत.

विकणारे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश. बाबा त्यांना लगेच 'साहेब' म्हणायला लागले, सवयच ती. मी काका म्हटलं. त्यांचे हात इतके कापतात की सही करताना उजवं मनगट डाव्या हाताने धरून ठेवावं लागलं. गाडी एकदा पदपथावर चढवली म्हणून मुलाने विकायला लावली, असं त्यांनीच सांगितलं. किल्ली एकच मिळाली, दुसरी सापडत नाही म्हणाले. मागच्या सीटवर एक पातळ शाल घडी घालून ठेवलेली होती. "ही नेहमी मागे उजवीकडे बसायची," असं म्हणून त्यांनी शालीची घडी नीट केली. बिचारे. बायको गेलेली दिसते. शाल काढा म्हणायचा मला धीर झाला नाही, ती गाडीबरोबरच आली. मी कागद तपासत होते तेवढा वेळ ते आणि बाबा बॉनेटपाशी हलक्या आवाजात बोलत होते. इंजिनाबद्दल असणार.

घरापर्यंत मी चालवत आणली. परवाना आहे माझ्याकडे, धीर नाही. बाबा शेजारी बसून म्हणत होते, "भागूबाई, स्टिअरिंग जरा सैल धर, ते पळून नाही जात." लहानपणापासून मी त्यांची भित्री भागूबाईच आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लॅबला मी बसनेच जाते. तिथे हत्ती लावायला जागा नाही, आणि दिवसभर कवळ्यांचे दात बसवून थकलेल्या माणसाने संध्याकाळच्या गर्दीत हत्ती हाकू नये. गाडी इमारतीमागच्या शेडमध्ये असते. शनिवार-रविवार मी तिला फिरवते, म्हणजे खरं तर तीच मला फिरवते. शेडमध्ये लावताना पुढची चाकं वाकडीच राहतात. ती सरळ करायला गेलं की खांब जवळ येतो, आणि मी तशीच उतरून पळते.

बाबांनी आज चहाचा कप टेबलाच्या कडेपलीकडे ठेवला. कप फुटला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणतात. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला, नंतरच्या तपासणीला एकटेच जाऊन आले आणि सगळं झकास आहे म्हणाले. तरी नंबर काढायला घेऊन जायला हवं. पेपरही वाचत नाहीत हल्ली. म्हणतात, सगळ्या बातम्या खोट्याच असतात. यात मात्र त्यांचं काही चुकत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आल्यावर सहज शेडमध्ये डोकावले. गाडीची चाकं सरळ होती. मी मागच्या रविवारी वाकडी सोडली होती, नक्की. आत बसले तर पाय पेडलला पोचेनात. सीट पार मागे गेलेली. आरशात मला छत दिसत होतं.

दार कुलूपबंद. काच शाबूत. किल्ली माझ्या पर्समध्ये.

बाबांना विचारलं, दुपारी शेडमध्ये कोणी आलं होतं का? ते टीव्ही बघत होते, तिरके बसून, मान आखडलीय म्हणून. म्हणाले, "कोण येणार? तूच सरकवली असशील सीट."

मी नव्हती सरकवली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हे त्याहून वाईट आहे. रविवारी पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता, शनिवारी भरू म्हणून मी तशीच ठेवली होती. आज सकाळी पाहिलं तर काटा अर्ध्याच्या वर.

चोरीची भीती वाटते तेव्हा माणूस पोलिसांकडे जातो. मी काय सांगू? साहेब, चोर येतो, गाडी नेतो, परत आणून सरळ लावतो आणि पेट्रोल भरून जातो? ते मलाच आत बसवतील.

लॅबमध्ये मेण वितळवताना जोडीदारणीला सांगितलं. ती गंमत म्हणून ऐकेल असं वाटलं होतं. तिने हातातला साचा खाली ठेवला. "शाल अजून आहे का गं मागे? मग त्या बाईचा जीव गाडीत अडकलाय. टाकून दे ती शाल." मी हसले. नंतर एका कवळीत पुढचे दोन दात उलटसुलट बसवले.

शाल टाकून द्यायचं धाडस झालं नाही. टाकली आणि ती परत आली तर?

गुरुवार, २० फेब्रुवारी

बॉनेट कोमट होतं.

बाबा म्हणाले, "ऊन लागलं असेल." शेडला पत्रा आहे. तिथे ऊन येत नाही. मी हे बोलून दाखवलं नाही, कारण मग ऊन नाही तर काय, हा प्रश्न येतो.

घरात येऊन तिन्ही कड्या लावल्या. बाबा मात्र खुशीत होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बूट पुसलेले. कोणाची वाट बघताय, असं विचारलं तर म्हणाले, "घरात बसायचं म्हणून काय गबाळ्यासारखं बसायचं?" आई गेल्यापासून त्यांना इतकं मजेत पाहिलं नव्हतं. निदान एकाला तरी या घरात झोप लागते.

भाऊ म्हणाला, किलोमीटरचा आकडा लिहून ठेव, लगेच कळेल. ते मलाही सुचलं होतं. मी लिहिणार नाही. लिहिला तर खरंच कळेल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण या राक्षसाची खात्री करून घ्यायला मी जाणार नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मगच लिहायला बसले.

काल संध्याकाळी गाडीच्या पुढच्या बंपरला डावीकडे पोचा आलेला दिसला. पोच्यावर लाल. मी किती वेळ तिथेच उभी होते कोण जाणे. मग रुमाल ओला करून पुसलं. रुमालाला लागलं नाही. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. रंग होता. रंगच होता. पण कशाचा? सायकलींना लाल रंग असतो. लहान मुलांच्या सायकलींना तर असतोच.

माझ्या नावावरच्या गाडीने कोणाला तरी उडवलं असेल, तर पोलीस भुताला पकडणार नाहीत.

वर आले तर बाबा अंधारात बसलेले. दिवा लावला तेव्हा दचकले. जेवण नको म्हणाले. मी कारण सांगितलं नाही, त्यांना उगाच कशाला घोर? दोघंही न जेवता झोपलो.

सोमवार, ३ मार्च

रोज पेपर उघडून अपघात शोधते. आजवर त्या पानाकडे मी ढुंकून पाहत नव्हते. काही सापडलं नाही की हायसं वाटतं, आणि लगेच वाटतं, छापून आलं नसेल.

कुलूप बदलणाऱ्याला फोन केला. एवढ्या जुन्या गाडीचं कुलूप मागवावं लागेल म्हणाला. बाबा ऐकत होते. म्हणाले, "कशाला खर्च करतेस? आता नाही होणार काही." मी विचारलं, तुम्हाला काय माहीत? "नाही होणार," एवढंच म्हणाले आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले.

शुक्रवार, ७ मार्च

काल मुद्दाम लवकर येऊन पाहिलं. चाकं वाकडी, जशी मी सोडली होती तशीच. बॉनेट गार. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा. गाडी पुसून काढली, गाणं गुणगुणले.

बाबांचं मात्र काहीतरी बिनसलंय. दाढी नाही, बोलणं नाही. दुपारी फोन आला होता म्हणे. कोणाचा? "जुन्या ओळखीचा." चष्म्याचा नंबर काढायला नेऊ का, म्हटलं तर एकदम ओरडले. मला आठवतंय तेव्हापासून ते माझ्यावर ओरडलेले नाहीत.

गुरुवार, १३ मार्च

सगळं लिहून काढते. क्रमाने लिहिलं तर कदाचित हातापायांत जीव येईल.

दुपारी एका दवाखान्यात कवळी पोचवायची होती. नेणारा माणूस आला नाही म्हणून मी निघाले. पुलाजवळच्या सिग्नलला बस थांबली. मी खिडकीशी होते. खाली, अगदी शेजारी, एक हिरवं छप्पर.

अशी गाडी शहरात आणखी कोणाची तरी असेल, असं अर्धा क्षण वाटलं. मग मागची सीट दिसली. उजवीकडे शाल, आणि शालीत बाई. पांढरे केस, बारीक मान, खिडकीबाहेर बघत शांत बसलेली. भूत दिसलं की किंकाळी फुटते म्हणतात. खोटं आहे. माझा आवाजच गेला. कवळीचा डबा मांडीवर घट्ट धरून मी तिच्याकडे बघत राहिले आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अगदी सहज.

मग बस जरा पुढे सरकली आणि पुढच्या सीट दिसल्या. शेजारी जजकाका. स्टिअरिंगवर माझे बाबा.

भूत असतं तर परवडलं असतं.

सिग्नल हिरवा झाला. गाडी हलली नाही. मागच्यांनी हॉर्नचा गोंगाट केला. काकांचे ओठ हलले, कापरा हात वर झाला, आणि तेव्हा कुठे बाबांनी गाडी पुढे घेतली. ते समोर बघत नव्हते. तोंड थोडं उजवीकडे वळवून, तिरके बसले होते. टीव्ही बघतात तसे.

तेव्हा मला कळलं. कप, पेपर, मान आखडणं, भिंतीला हात. काखेत कळसा आणि मी गावभर चोर शोधत होते. बस डावीकडे वळली, ते सरळ गेले. मी काच ठोठावत होते आणि शेजारचा प्रवासी विचारत होता, बाई, बरं वाटत नाही का?

पुढच्या थांब्यावर उतरून टॅक्सी केली आणि शेडमध्ये येऊन उभी राहिले. वाट बघताना जे जे डोळ्यांपुढे आलं ते लिहीत नाही.

आधी इंजिन ऐकू आलं. मग काकांचा आवाज. "उजवीकडे खांब. हातभर अंतर आहे. या, या... अजून थोडं... बस." गाडी खांबांमधून अशी अलगद आत आली की मला सात जन्मांत जमणार नाही. चाकं सरळ झाली. बाई आता मागे नव्हत्या. बाबा उतरले, दार न आपटता लावलं, आणि खिशातल्या फडक्याने हँडल पुसलं. मग माझ्याच दिशेने चालत आले. मी वाटेतच उभी होते. माझ्यापासून दोन हातांवर थांबून ते नम्रपणे म्हणाले, "जरा बाजूला होता का?"

मी म्हटलं, "बाबा, मी आहे."

त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते शोधायला वाकले आणि भलतीकडे चाचपू लागले. मी ते उचलून दिलं नाही. का दिलं नाही, माहीत नाही.

"दोष माझा आहे," काका पुढे आले. "दुसरी किल्ली माझ्याकडेच होती. बायको शुश्रूषागृहात असते, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत, मीसुद्धा नाही. ही गाडी ओळखते. दुसऱ्या कुठल्याही गाडीत बसत नाही. माझे हात असे, म्हणून यांना मी—"

"काका, तुम्ही एक शब्द बोलू नका," मी म्हटलं. ज्यांनी जन्मभर लोकांना गप्प केलं, ते गप्प झाले.

"बाबा, किती दिसतं तुम्हाला?"

"कडेचं दिसतं."

"आणि समोरचं?"

"मधोमध भोक पडलंय गं. जिथे बघायला जावं तेवढंच पुसलं जातं. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात. चेहरा नाही दिसत." ते पुन्हा फडकं चाचपू लागले. "दिवाळखोराने दुकान सजवावं तसं चाललं होतं माझं. डॉक्टर मागेच म्हणाला होता, आता गाडी नाही. तुला सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस घाबरत बसली असतीस."

"आणि हे बंपरचं लाल?"

"शुश्रूषागृहाच्या फाटकाचा खांब. साहेब म्हणाले, खांबच आहे, चला. मला खरं वाटेना. उतरलो. खांब हाताने चाचपला. मग खाली बसून चाकांपुढची जमीनही चाचपली." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. "कोणी नव्हतं गं. देवाशपथ कोणी नव्हतं."

"तरी आज परत गेलात!"

"मागच्या आठवड्यात गेलो नाही. बाईसाहेबांनी दोन दिवस तोंडात घास घेतला नाही."

"एवढंच?"

ते म्हणाले, "कितीतरी वर्षांनी कोणीतरी म्हणालं, ड्रायव्हर, गाडी काढा. मला नाही म्हणता आलं नाही."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. कोणाचं पोर चिरडलं असतं तर, असं म्हटलं, तुम्ही मेला असतात तर, असंही म्हटलं. खरं म्हणजे मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि वर आले. मागून बाबा जिन्याच्या पायऱ्या पायाने शोधत येत होते. तो आवाज मी गेले कित्येक महिने ऐकत होते आणि मला वाटायचं, गुडघा.

शनिवार, १५ मार्च

भाऊ म्हणाला, सोमवारी विकून टाक. बाबा ऐकत होते. दोन दिवस ते माझ्याशी मालकिणीशी बोलावं तसं बोलतायत. जेवू का? बसू का? एक वेळ ओरडले तर बरं.

सोमवार, १७ मार्च

आज डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांबरोबर मी आत गेले. डॉक्टर तरुण आहे, स्पष्ट बोलतो. गेलेलं परत येणार नाही. इंजेक्शनं घेतली तर उरलेलं टिकवायचा प्रयत्न करता येईल. मी विचारलं, उरलेलं म्हणजे किती? तो म्हणाला, "कडेची नजर उत्तम आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा तिचा वापर त्यांना जास्त येतो. पण तीही जाणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

बाबांनी विचारलं, "सुई डोळ्यातच का?" हो म्हटल्यावर माझा हात धरला. मला वाटायचं, या घरात घाबरणारी मी एकटीच आहे.

गुरुवार, २० मार्च

अर्धी रजा टाकली. गाडी विकलेली नाही.

काका कोट घालून त्यांच्या घराच्या फाटकात उभे होते. बाबा माझ्या शेजारी, काका मागे. शुश्रूषागृह टेकडीच्या पलीकडे आहे. चढावर मी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, तरी बाबा 'सैल धर' म्हणाले नाहीत. तिथे पोचलो, इंजिन बंद करायच्या आतच बाई बाहेर आल्या. परिचारिका मागून धावत होती. मागचं दार उघडलं, शाल घेतली, उजवीकडे बसल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"ड्रायव्हर कुठे गेला?"

काका म्हणाले, "आज ही चालवणार आहे."

"तो बरा होता," बाई म्हणाल्या. "घाई करायचा नाही."

बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. मला त्यांचा एक कान दिसत होता, लाल झालेला.

मोठ्या रस्त्याला लागलो. पुलाच्या आधी डावीकडच्या पट्टीत शिरावं लागतं. डाव्या आरशात काही नव्हतं, पण या गाडीची लांबी एवढी की आरशावर माझा भरवसा नाही. वेग कमी केला, आणखी कमी केला. मागून हॉर्न सुरू झाले. पूल जवळ येत होता. शिकत होते तेव्हा विचारायचे तसं तोंडातून निघून गेलं, "बाबा, डावीकडे कोणी आहे का?"

बोलले आणि जीभ चावावीशी वाटली. मागून काका घाईने पुढे वाकले, सांगायला. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मान वळवली नाही. तोंड समोरच ठेवलं आणि क्षणभर अगदी स्थिर बसले.

"थांब," ते म्हणाले. "सायकल आहे."

आरशात अजूनही काही नव्हतं. मग बाबांच्या दाराला जवळजवळ घासून, पाठीवर पोतं घेतलेला एक सायकलवाला पुढे निघून गेला.

हॉर्न वाढले.

"अजून थांब... आता घाल, भागूबाई."

माझी पाचावर धारण बसली होती. आरशाकडे न बघता मी गाडी डावीकडे घातली.